वालाच्या वाफ्यातला ससा

भातकापणी आटोपली की पालघर, बोईसर, तारापूरकडे उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. कुणी शेतात, कुणी घरामागच्या वाडीत. रोपांना दोन पानं फुटतात न फुटतात, तोच एखाद्या सकाळी चार-सहा शेंडे गायब झालेले दिसतात. खाली वाकून देठ पाहा. सुरीने तिरका छाटावा तसा साफ कापलेला असेल, तर तो सशाचा उद्योग. शेळीला वरचे पुढचे दातच नसतात, ती पाला ओढून तोडते आणि देठाच्या चिंध्या होतात. सशाला वर-खाली धारदार पटाशीचे दात असतात आणि ते आयुष्यभर वाढत राहतात. जवळपास हरभऱ्याएवढ्या, गवताच्या तुसांनी भरलेल्या सुक्या लेंड्या सापडल्या, तर शंकेला जागाच उरत नाही.

हा भारतीय रानससा, लेपस निग्रिकोलिस. मानेच्या मागे काळा पट्टा ही त्याची खूण. बाजारात पिंजऱ्यात मिळणारा पांढरा ससा त्याचा दूरचा नातलग, युरोपातल्या रानटी सशाचा वंशज. त्याची गुणसूत्रं 44, आपल्या रानसशाची 48. दोघांचा संकर होत नाही. पांढऱ्याचे पूर्वज बिळं खणून राहत. आपला ससा बीळ खणत नाही. गवतात अंग दाबून केलेल्या खळग्यात तो दिवस काढतो आणि अंधार पडू लागला की चरायला निघतो. त्यामुळे गवत हेच त्याचं घर. पालघर-बोईसरचा हा पट्टा एके काळी मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवायचा. 1945 च्या वारली उठावात गवतकापणीची मजुरी हा मोठा मुद्दा होता. त्यातल्या बऱ्याच माळांवर आता कारखाने आणि इमारती आहेत. मग ससा परसात येणारच.

आला, तर त्याच्याशी दोस्ती होईल का? सवय होईल, एवढं म्हणता येईल. प्रत्येक रानटी प्राण्याचं एक पळण्याचं अंतर असतं. तुम्ही त्याच्या आत पाऊल टाकलं की तो सुटतो. रोज त्याच वेळी, त्याच जागी कुणी गुपचूप बसलं आणि काहीच वाईट घडलं नाही, तर हे अंतर हळूहळू कमी होतं. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास चहूकडचं दिसतं. तेव्हा पाठीमागून चोरपावलांनी जाण्यात अर्थ नाही. थेट रोखून पाहत सरळ चालत येणारा माणूस त्याला शिकाऱ्यासारखाच वाटतो.

पांढरा ससा मात्र मांडीवर बसतो, तो का? स्वीडन-पोर्तुगालच्या संशोधकांनी 2018 मध्ये याचं एक उत्तर दिलं. सारख्याच परिस्थितीत वाढवलेल्या रानटी आणि पाळीव सशांच्या मेंदूंचे त्यांनी एमआरआय काढले. पाळीव सशांत भीतीशी जोडलेला अमिग्डला हा भाग तुलनेने लहान निघाला, आणि भीतीला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग मोठा. पिढ्यान् पिढ्या जे कमी घाबरले त्यांचीच पैदास माणसाने केली, तिचा हा परिणाम. ‘सशाचं काळीज’ आपण म्हणतो खरं, पण पाळीव सशाचं भित्रेपण कमी झालं ते असं, मेंदूतून. आपल्या रानसशावर अशी निवड कधी झालेलीच नाही. एका माणसाच्या मायेने ती उणीव भरून निघत नाही.

विल्यम कूपर या इंग्रज कवीने 1774 पासून तीन रानससे घरात वाढवले आणि 1784 मध्ये त्यांची हकीकत एका मासिकात छापली. तिघेही नर, नावं पस, टायनी आणि बेस. पस आजारी पडला, कूपरने त्याची शुश्रूषा केली, आणि पुढे तो इतका लळा लावून बसला की मांडीवर उडी मारे. टायनीलाही तसंच प्रेम मिळालं, पण हात लावायला जावं तर तो गुरगुरायचा, पुढचे पाय मारायचा, चावायचाही. मला पसपेक्षा टायनीच जास्त पटतो.

आपल्याकडे दोस्तीच्या भरात सर्वांत मोठा घोळ होतो तो पिल्लाबाबत. रानसशाचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतं. आई त्याला गवतात ठेवून दूर राहते, म्हणजे तिच्या वासावर शिकारी येऊ नये. युरोपातल्या रानसशांच्या अभ्यासात दिसलं, की ती बहुधा दिवसातून एकदाच, सूर्यास्तानंतर, काही मिनिटं पाजून निघून जाते. म्हणजे एकटं बसलेलं पिल्लू पोरकं नसतं. कळवळून त्याला घरी आणून गायीचं दूध पाजलं, तर पोट बिघडून ते दगावण्याची शक्यताच अधिक. सशिणीचं दूध गायीच्या दुधाहून कितीतरी स्निग्ध असतं. उचलून आणलंच असेल, तर त्याच जागी नेऊन ठेवा आणि दूर व्हा. जखमी असेल तर वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे. रानससा घरी पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

मोठ्या सशाला गाजर, बिस्किट, पोळी घालू नये. गवतातले चिवट तंतू पचवायला त्याच्या आतड्यात जंतूंची वसाहत असते, आणि स्वतःच्याच मऊ लेंड्या पुन्हा खाऊन तो त्यातलं पोषण उचलतो. साखर-पिठाने ही घडी विस्कटते. शिवाय रोज एकाच जागी खाणं ठेवलं की वस्तीतल्या कुत्र्यांना ती जागा ठाऊक होते. माणसाला न भिणारा ससा फासकी लावणाऱ्यालाही भीत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

वाल वाचवायचा असेल तर कोवळ्या वाफ्याभोवती पुरेशी उंच बारीक जाळी लावावी आणि तिची खालची कड मातीत दाबावी. कुंपणालगतचं गवत मुळापासून साफ करू नये, हातभर रुंद पट्टा सोडावा. गवत कापायचं यंत्र सुरू करण्याआधी मात्र काठीने गवत चाळवत एक चक्कर मारावी. पिल्लू आवाजाने पळत नाही, उलट जागीच आणखी दबून बसतं.