विक्रीकर, मंदी आणि संतापाचे कथन

करवाढीविरुद्ध उसळणारा जनक्षोभ हा सामान्यतः अर्थशास्त्राचा किंवा राज्यशास्त्राचा विषय मानला जातो. तथापि अशा क्षोभाला कोणते ना कोणते शब्दरूप लाभलेले असते. कधी पत्रक, कधी घोषणा, कधी मतपत्रिकेवरचा मजकूर. या शब्दरूपाचा क्षोभाच्या पुढील वाटचालीवर परिणाम होतो काय, हा प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची दोन उदाहरणे विचारार्थ घेतली आहेत : एक १९३३ ते १९३५ या काळातील, दुसरे २००९ मधील. दोन्ही वेळा मंदी होती, दोन्ही वेळा राज्याने विक्रीकराचा आधार घेतला आणि दोन्ही वेळा लोक संतापले. पहिल्या संतापाला एक कथा लाभली; दुसऱ्याला ती लाभली नाही, असे माझे प्रतिपादन आहे.

विक्रीकराचा राग इतर करांच्या रागाहून वेगळा का असतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपल्याकडे वेष्टनावर सर्व करांसहित कमाल किंमत छापलेली असते, त्यामुळे कर किमतीत विरघळून जातो. अमेरिकेत फळीवरची किंमत करविरहित असते आणि पैसे देण्याच्या क्षणी तीत कर मिळवला जातो. म्हणजे हा कर दर खरेदीला, पावतीवर वेगळ्या ओळीत, ग्राहकाला नव्याने भेटतो. १९३० नंतरच्या दशकात तर तो अक्षरशः हाती येई. सेंटच्या अंशात भरणारा कर चुकता करता यावा म्हणून काही राज्यांनी सेंटच्या दहाव्या भागाच्या, म्हणजे एका ‘मिल’च्या हिशेबाने विक्रीकराची टोकने काढली होती, वॉशिंग्टन राज्याची ॲल्युमिनियमची होती, मिसुरीची आरंभी पुठ्ठ्याची. भाकरीच्या हिशेबात अशी पुठ्ठ्याची चकती मोजून द्यावी लागणे यातला अपमान समजण्यास अर्थशास्त्राची गरज नाही.

त्यात काळाचा विरोधाभास आहे. अमेरिकेतील केंद्र सरकार मंदीत कर्ज काढून खर्च करू शकते. बहुतेक सर्व घटक राज्यांवर मात्र अर्थसंकल्पात जमाखर्चाचा मेळ घालण्याचे बंधन असते. मंदीत उत्पन्न घटते, मदतीची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी राज्यांना कर वाढवावा लागतो किंवा खर्च कापावा लागतो. शिवाय गरीब कुटुंबाच्या मिळकतीतला खर्चाचा वाटा मोठा असल्यामुळे विक्रीकर त्याच्यावर प्रमाणाने अधिक बसतो.

१९३३ मध्ये कॅलिफोर्नियात हेच घडले. महामंदीत स्थावर मालमत्तेवरील कर भरणे लोकांना अशक्य झाले होते, म्हणून शाळांच्या खर्चाचा भार स्थानिक संस्थांकडून राज्याकडे वळवण्यात आला. हा भार उचलण्यासाठी विधिमंडळाने विक्रीकर आणि आयकर अशी दोन्ही विधेयके संमत केली. गव्हर्नर जेम्स रॉल्फ यांनी आयकर नाकारला आणि विक्रीकरावर स्वाक्षरी केली. दर अडीच टक्के होता, आणि तो अन्नधान्यावरही लागू होता. श्रीमंतांची मिळकत मोकळी आणि दूध-पावावर कर, हे चित्र लोकांपुढे उभे करण्यासाठी कोणा कवीची आवश्यकता नव्हती. पण योगायोगाने एक कादंबरीकार पुढे आला.

अप्टन सिंक्लेअर हे नाव आपल्या तौलनिक साहित्याच्या वर्गात बहुधा ‘द जंगल’ (१९०६) या शिकागोच्या कत्तलखान्यांवरील कादंबरीपुरते येते. १९३३ मध्ये त्यांनी ‘मी, कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर, आणि मी दारिद्र्य कसे संपवले’ अशा अर्थाच्या शीर्षकाची एक पुस्तिका लिहिली आणि तिला भविष्याची सत्यकथा म्हटले. निवडणूक लढवण्यापूर्वीच आपली कारकीर्द घडून गेली आहे असे कल्पून लिहिलेला हा वृत्तान्त वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने विलक्षण आहे. जाहीरनामा भविष्यकाळी क्रियापदांत बोलतो : करू, देऊ, घडवू. ही पुस्तिका घडून गेलेली हकीकत सांगण्याचा आव आणते. विक्रीकर रद्द झाला. त्याऐवजी मोठ्या मिळकती, मोठे वारसे आणि पडून ठेवलेली जमीन यांवर कर बसला. लहान घरे करमुक्त झाली. वाचकाच्या संतापाला येथे पात्रे मिळतात, क्रम मिळतो, शेवट मिळतो. कोणी देऊ नये एवढेच न सांगता त्याऐवजी कोणी द्यावे हेही ती सांगते. मराठी वाचकाला येथे जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची आठवण होणे स्वाभाविक आहे, तिथेही जकात, मिठावरील कर आणि लोकल फंड यांचा राग ‘पैसा कोणाचा आणि जातो कोणाकडे’ या कथनात बांधलेला आहे. हे साम्य प्रभावाचे अर्थातच नव्हे, रचनेचे आहे.

सिंक्लेअर यांनी १९३४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी जिंकली. नोव्हेंबरात ते फ्रँक मेरियम यांच्याकडून पराभूत झाले. हॉलिवुडच्या चित्रसंस्थांनी त्यांच्याविरुद्ध बनावट वृत्तपट दाखवले. म्हणजे कथेला कथेनेच उत्तर दिले गेले. तरी सुमारे पावणेनऊ लाख मते त्यांना पडली. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, मेरियम यांच्या राजवटीत कॅलिफोर्नियात आयकर आला आणि घरी न्यावयाचे अन्न विक्रीकरातून वगळले गेले. विक्रीकराचा दर मात्र त्याच वेळी तीन टक्के झाला, हेही नमूद केले पाहिजे. पराभूत कथेचा काही अंश विजेत्याच्या कायद्यात उतरला, इतके म्हणण्यास हरकत नाही.

आता २००९. मधल्या काळात एक निर्णायक गोष्ट घडली होती. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या सार्वमताने मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधला गेला आणि राज्याचा कोणताही कर वाढवण्यास विधिमंडळात दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक झाले. परिणामी राज्याचा गाडा आयकर व विक्रीकर यांवर अधिक विसंबू लागला, आणि हे दोन्ही मंदीत आटतात. २००८ च्या अरिष्टानंतर तूट चाळीस अब्ज डॉलरांच्या पुढे गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी स्वाक्षरी केलेल्या तडजोडीने विक्रीकराचा दर १ एप्रिलपासून ७.२५ वरून ८.२५ टक्के झाला. वाहनशुल्क व आयकरही वाढले. तेव्हा राज्यातील बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेली होती. १५ एप्रिलला देशभर ‘टी पार्टी’ नावाने निदर्शने झाली. बोस्टनच्या बंदरातील १७७३ चा चहा येथे पुन्हा एकदा कामी आला, जरी २००९ चा कर परक्या पार्लमेंटने नव्हे तर निवडून दिलेल्या विधिमंडळाने बसवलेला होता. उसन्या रूपकाचे हे नेहमीच होते.

१९ मे रोजी ‘प्रपोझिशन १-अ’ मतदारांपुढे आले. ते संमत झाल्यास वाढीव विक्रीकर २०११ ऐवजी २०१२ पर्यंत चालणार होता. अभ्यासकाने त्याचे अधिकृत शीर्षक वाचून पाहण्यासारखे आहे. त्यात खर्चावर मर्यादा आहे, अडीअडचणीसाठी राखीव निधी आहे. करांची मुदतवाढ नाही. ती आर्थिक परिणामांच्या बारीक टिपणात, जादा महसुलाच्या आकड्यांच्या रूपाने सापडते. संहितेने वाचकापासून लपवलेली गोष्ट वाचकाला सापडली की तो संहितेवरच उलटतो. येथे तसेच झाले. करविरोधी गट मुदतवाढीमुळे विरोधात गेले, काही कामगार संघटना खर्चमर्यादेमुळे. सुमारे पासष्ट टक्के मते विरुद्ध पडली. त्या दिवशी सहापैकी एकच प्रस्ताव संमत झाला, तुटीच्या वर्षी लोकप्रतिनिधींच्या वेतनवाढीला बंदी करणारा.

परस्परविरोधी कारणांनी आलेल्या दोन संतापांना मतपत्रिकेने ‘नाही’ हा एकच शब्द दिला. त्याऐवजी कोणी द्यावे, हे त्या शब्दात सांगता येत नाही. राज्याने मग ते आपल्या सोयीने ठरवले. जुलैत देणेकऱ्यांना रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या मिळू लागल्या, नोकरांना महिन्याला तीन दिवस बिनपगारी सक्तीची रजा आली, गरिबांच्या आरोग्ययोजनेतून प्रौढांच्या दंतोपचाराचा बहुतेक भाग वगळला गेला. नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाने ३२ टक्के शुल्कवाढ ठरवली आणि बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी व्हीलर हॉल ताब्यात घेतला. त्या इमारतीत इंग्रजी विभाग आहे. मे महिन्यात करदात्याने जे नाकारले होते त्याचे बिल नोव्हेंबरात विद्यार्थ्याच्या हाती आले, आणि विद्यार्थी व करदाता ही एकाच घरातली दोन माणसे असू शकतात, हे दोन्ही बाजूंच्या घोषणांत कोठे दिसले नाही.

वाढीव दर २०११ च्या मध्यास संपला. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘प्रपोझिशन ३०’ने पुन्हा विक्रीकर वाढवण्याचे सुचवले : पाव टक्का, चार वर्षांसाठी. बेकारी तेव्हाही दहा टक्क्यांच्या आसपासच होती. परंतु या वेळच्या मजकुरात अडीच लाख डॉलरांवरील मिळकतीच्या वाढीव आयकराचा स्पष्ट उल्लेख होता, आणि प्रस्ताव पडल्यास शाळा-महाविद्यालयांत कपात होईल हेही मतदारांना आधीच ठाऊक होते. पंचावन्न टक्के मतांनी तो संमत झाला. २०१६ मध्ये मतदारांनी त्यातील श्रीमंतांवरील आयकराची मुदत २०३० पर्यंत वाढवली. विक्रीकराचा पाव टक्का त्या प्रस्तावात घेतलाच नव्हता, तो ३१ डिसेंबर २०१६ रोजी ठरल्याप्रमाणे संपला.