मधमाशीचा दंश

मधमाशीचा दंश म्हणजे कामकरी मधमाशीने स्वतःच्या अथवा पोळ्याच्या रक्षणासाठी त्वचेत नांगी खुपसून विष सोडणे होय. बहुसंख्य व्यक्तींमध्ये त्याचा परिणाम वेदना व स्थानिक सूज एवढ्यापुरता मर्यादित राहतो. मात्र विषाची तीव्र ॲलर्जी असलेल्या व्यक्तीस एकच दंश प्राणघातक ठरू शकतो, आणि एकाच वेळी शेकडो दंश झाल्यास ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीच्याही जिवास धोका असतो. त्यामुळे नांगी विनाविलंब काढणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या ठरतात.

नांगीची रचना

नांगी हे अंडी घालण्याच्या अवयवाचे रूपांतर असल्याने ती फक्त मादीला असते. नर माशी दंश करू शकत नाही. कामकरी माशीच्या नांगीवर मागे वळलेले दाते असतात. माणसाच्या लवचीक त्वचेत ती अडकते आणि माशी उडू लागताच विषपिशवी व स्नायूंसह तिच्या शरीरापासून तुटते. माशी मरते, परंतु तुटलेल्या नांगीचे स्नायू आकुंचन पावत राहून विष आत ढकलत राहतात. यातील बहुतांश विष पहिल्या 20 सेकंदांतच त्वचेत उतरते. गांधीलमाशीची नांगी सहसा अडकत नाही, म्हणून ती पुनःपुन्हा दंश करू शकते. त्वचेत रुतलेली नांगी दिसल्यास दंश बहुधा मधमाशीचाच असतो.

विषाचे घटक

कोरड्या विषाचा सुमारे निम्मा भाग मेलिटिन या द्रव्याचा असतो. ते पेशींची आवरणे फोडते व वेदना निर्माण करते. फॉस्फोलिपेज ए2 हे विकर ॲलर्जीचे प्रमुख कारण आहे, तर हायलुरोनिडेज हे विकर विष ऊतींमध्ये पसरण्यास मदत करते. हे घटक त्वचेच्या आत कार्य करीत असल्याने चुना किंवा खाण्याचा सोडा वरून लावून विषाचा परिणाम नाहीसा होत नाही. दंशावर लोखंड घासण्याची पद्धतही प्रचलित आहे. तिनेही आत गेलेले विष निघत नाही. माती किंवा शेण लावल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

प्रथमोपचार

प्रथम पोळ्यापासून दूर जावे. नांगीतून सुटणारा, पिकलेल्या केळ्यासारखा गंध इतर माश्यांना हल्ल्यास उद्युक्त करतो. त्यानंतर नखाने, चिमटीने किंवा हाताशी असेल त्या साधनाने नांगी त्वरित काढावी. चिमटीत धरल्यास विषपिशवी पिळली जाते, म्हणून नांगी केवळ खरवडूनच काढावी, असा समज होता. 1996 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या दोन पद्धतींच्या परिणामांत फरक आढळला नाही. विलंब झाल्यास मात्र गांध मोठी होत असल्याचे दिसले. म्हणून साधन शोधण्यात वेळ घालवू नये.

जागा साबणाने धुवावी व कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटे धरावा. हातावर दंश झाल्यास सूज येण्यापूर्वी अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. सूज पहिले दोन दिवस वाढू शकते व साधारणतः आठवडाभरात ओसरते. तोंडात, घशात किंवा डोळ्यावर दंश झाल्यास तत्काळ रुग्णालयात जावे.

तीव्र ॲलर्जी

दंशानंतर काही मिनिटांतच दंशापासून दूर अंगभर गांधी उठणे, ओठ, जीभ वा घसा सुजणे, आवाज घोगरा होणे, दम लागणे, उलट्या, चक्कर किंवा शुद्ध हरपणे ही ॲनाफिलॅक्सिस या अवस्थेची लक्षणे असू शकतात. यावरील मुख्य औषध मांडीच्या बाहेरील स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनालीनचे इंजेक्शन होय. ॲलर्जीच्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. अशा वेळी त्वरित रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात त्यासाठी 108 हा क्रमांक आहे. रुग्णास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. श्वास घेण्यास त्रास होत असल्यास टेकून बसवावे, बेशुद्ध असल्यास कुशीवर वळवावे. त्याला एकाएकी उभे करू नये वा चालवू नये. बरे वाटल्यावरही लक्षणे काही तासांनी परतू शकत असल्याने रुग्णालयातील देखरेख आवश्यक असते. पुढील दंशाचा धोका कमी करण्यासाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शुद्ध केलेल्या विषाच्या वाढत्या मात्रा देण्याची उपचारपद्धती उपलब्ध आहे.

अनेक माश्यांचा हल्ला

आग्या माशी उंच झाडे, कडे व इमारतींवर उघडी पोळी बांधते. सह्याद्रीतील किल्ल्यांच्या कड्यांवरही तिची पोळी आढळतात. पोळे डिवचले गेल्यास असंख्य माश्या एकत्रित हल्ला करतात. तेव्हा हातवारे न करता, तोंड व डोके कापडाने झाकून वेगाने दूर जावे आणि बंद खोली वा वाहनाचा आश्रय घ्यावा. पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि बुडण्याचाही धोका असतो. पुष्कळ दंश झाल्यास स्नायू व रक्तपेशींचा नाश होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हा परिणाम काही तासांनी किंवा दिवसांनीही दिसू शकतो. म्हणून रुग्णास सुरुवातीला बरे वाटत असले तरी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

प्रतिबंध

पोळ्याजवळ धूर किंवा गोंगाट करू नये, दगड मारू नये. उग्र सुगंधी द्रव्ये टाळावीत. वस्तीतील पोळे जाळण्याऐवजी प्रशिक्षित मधपाळाकडून हलवून घ्यावे. मधमाश्या अनेक पिकांचे परागीभवन करतात आणि डिवचल्याविना त्या सहसा दंश करीत नाहीत.