पडायचं त्याच बाजूला वळायचं

दोन चाकं, बसायला फळी, धरायला दांडा. पायडल नाही, साखळी नाही. या गाडीला बॅलन्स बाईक म्हणतात. अडीच वर्षांचं पोर तिच्यावर बसतं, पायांनी जमीन मागे ढकलतं आणि काही दिवसांतच दोन्ही पाय उचलून अंगणभर फिरतं.

हे नवं खूळ वाटेल, पण सायकलचा जन्मच असा झाला. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइस अशाच लाकडी दुचाकीवर पाय मारत निघाले. पायडल आलं ते १८६० च्या दशकात. म्हणजे दोन चाकांवर तोल सांभाळणं माणूस आधी शिकला, पायडल मारणं नंतर.

पण तोल राहतो कसा? पुष्कळ जण सांगतात, चाकं फिरतात म्हणून. २०११ साली काही संशोधकांनी मुद्दाम अशी सायकल बनवली, जिच्यात फिरत्या चाकांचा हा परिणाम जवळजवळ रद्द केला होता. ढकलून सोडल्यावर ती स्वाराशिवायही उभी राहून धावली! आणि लहानग्याची गाडी तर इतकी हळू चालते, की तिच्या छोट्या चाकांच्या फिरण्याचा आधार नगण्यच.

तेव्हा या गाडीवर खरं काम करतो तो हात. गाडी डावीकडे कलली की दांडा डावीकडे वळवायचा. चाकं सरकून पुन्हा अंगाखाली येतात. तळहातावर काठी उभी धरताना ती कलेल तिकडे आपण हात नेतो, तसंच. आता गंमत बघा. लांब काठी सावकाश कलते, आखूड काठी पटकन पडते. त्यामुळे बुटक्या गाडीवरच्या बुटक्या पोराला सावरायला मोठ्या माणसापेक्षा कमी वेळ मिळतो. तरीही त्याला ते जमतं, तेही कुणी समजावून न सांगता. मला यापुढे बाकी सगळं यंत्रशास्त्र फिकं वाटतं.

आपला पांगुळगाडा तीन चाकांचा. तो चालायला शिकवतो, पण कलंडत नाही, म्हणून तोल शिकवत नाही. सायकलच्या मागे लावलेल्या जादा चाकांचंही तेच. आपल्याकडची पोरं बापाच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची आणि गुडघे फोडून घेत हीच विद्या मिळवायची.

सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यासारख्या गावात ही गाडी घडवायला बाहेरचं फारसं काही लागत नाही. ज्या सुताराला बंडीचा आख आणि आरे कळतात, त्याला यात अवघड काय? बाभूळ चिवट, पण जड. साग हलका पडतो. गाडीचं वजन पोराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी हवं, नाहीतर ती पडली की त्याला उचलवत नाही. मेळघाटातल्या लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र बांबूकामासाठी नावाजलेलं आहे, आणि पुण्यात ‘बांबूची’ नावाने बांबूच्या सायकली हातांनी बनतात; तेव्हा बांबूचाही विचार करावा. चाकं बारा इंची, सायकलच्या दुकानातून आणलेली बरी. हवेचा टायर खडबडीत रस्त्यावर धक्के गिळतो.

सगळी मेख दांड्याच्या सांध्यात. तो सैल असला तर चाक थरथरतं, घट्ट असला तर पोराला वेळेत वळवता येत नाही. दांडा पार उलटा फिरू नये म्हणून दोन्हीकडे अडणी ठोकावी. कोपरे रंध्याने गोल करावे, बोल्टाची टोकं लाकडात बुडवावी. वरून जवसाचं तेल चोळलं की रंगाची गरज उरत नाही.

आधी माप घ्या, मग लाकूड कापा. पोराला अनवाणी उभं करून जांघेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि बसायची फळी त्याहून दोन-तीन सेंटीमीटर खाली ठेवा. पोर वाढतं, म्हणून ती वर सरकवायची सोय आत्ताच करून घ्या. गाडीला ब्रेक नाही, तेव्हा उताराच्या रस्त्यावर ती नेऊ देऊ नका, आणि डोक्यावर हेल्मेट पहिल्या दिवसापासून घाला.