गुलाबी कुपन आणि उणे एकचं वर्गमूळ

प्रेमावर बंदी घालणारं काल्पनिक राज्य म्हटलं की सगळे ऑर्वेलचं नाव घेतात. पण मित्रांनो, इंजिनिअरांची कादंबरी त्याच्याही आधीची आहे: येवगेनी झाम्यातिनची 'वुई', म्हणजे 'आम्ही'. लेखक स्वतः जहाजबांधणीचा इंजिनिअर. १९२४ मध्ये ती इंग्रजीत आली. सोव्हिएत रशियात छापायला १९८८ उजाडलं.

नायक डी-५०३ अंतराळयान बांधतो. तिथे माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची. पडदे ओढायचे ते गुलाबी कुपन असेल तेव्हाच, तेही ठरलेल्या तासाला. मला खरी मेख इथे दिसते. सरकार शरीरसंबंधाला मनाई करतच नाही, उलट रेशनसारखं वाटप करतं! मनाई आहे ती 'मला हीच हवी' म्हणण्याला. कारण एकीचा ध्यास लागला की हेवा आला, वाट पाहणं आलं, झोप उडाली, वेळापत्रक कोलमडलं. (रेक्टर सरांनी एवढा परिच्छेद सोडून वाचावं.)

आय-३३० भेटते आणि डी-५०३ नेमका तिथेच अडकतो. लहानपणी उणे एकचं वर्गमूळ शिकताना तो रडला होता. तेच आता पुन्हा छळू लागतं. आपण त्याला 'जे' म्हणून खुशाल सर्किट सोडवतो, त्याला मात्र धडकी भरते. डॉक्टर निदान करतात: तुमच्यात आत्मा तयार झालाय.

शेवटी सरकार ऑपरेशन करून सगळ्यांची कल्पनाशक्तीच काढायला घेतं. त्याचंही होतं. मग काचेच्या घंटेखाली तिला तीनदा गुदमरवतात. ती एक शब्द बोलत नाही. हा शेजारी बसून पाहतो, आणि जर्नल लिहावं तसं सगळं वहीत उतरवतो.