प्रोबायोटिक्सने अल्सर बरा होतो का? पेपर वाचताना काय बघायचं

जठराच्या अल्सरची दोन मोठी कारणं आहेत: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, आणि ॲस्पिरिन-आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये हा जिवाणू वाढवून दाखवला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज आपण फक्त पायलोरीबद्दल बोलू.

पेट्री डिशवर पायलोरीजवळ लॅक्टोबॅसिलस ठेवला की भोवती वाढ थांबते, स्वच्छ कडं दिसतं. पेपरमध्ये हा फोटो फार छान दिसतो. पण लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक ॲसिड सोडतो. मग वाढ नुसत्या ॲसिडने थांबली की आणखी कशाने? त्यासाठी तोच द्रव न्यूट्रल पीएचला आणून पुन्हा टाकून बघावा लागतो. हा कंट्रोल नसेल तर निष्कर्ष लंगडा समजा. आणि जठरात ॲसिडची कमी कुठे आहे? हा जिवाणू तिथेच, म्युकसच्या थरात, युरिएज वापरून युरियापासून अमोनिया बनवतो आणि आपल्याभोवतीचं ॲसिड शमवून आरामात राहतो.

माणसांवरच्या अभ्यासात 'पायलोरी कमी झाला' असं वाचलंत तर लगेच खूश होऊ नका. युरिया ब्रेथ टेस्टचा आकडा खाली येणं वेगळं, जंतू पूर्ण जाणं वेगळं, आणि एंडोस्कोपीत जखम भरलेली दिसणं तिसरंच. नुसत्या प्रोबायोटिकने पहिलं होऊ शकतं, दुसरं क्वचितच.

मग उपयोग काय? २०२२ च्या मास्ट्रिक्ट मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही ठराविक प्रोबायोटिक्स अँटिबायोटिक्सचे दुष्परिणाम कमी करतात. उपचाराला हातभार लागतो तोही बहुधा त्यामुळेच, थेट जंतू मारून नाही. हे मला अजिबात किरकोळ वाटत नाही. जुलाब-मळमळीने वैतागून १४ दिवसांचा कोर्स मध्येच सोडला तर जंतू उरतो, आणि पुढच्या वेळी तीच औषधं चालतील याची खात्री नसते. घरी कोणी 'दही खातोय ना' म्हणून गोळ्या बंद केल्या असतील, तर आधी डॉक्टरांकडे पाठवा.

प्रपोजलमध्ये नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहू नका, स्ट्रेन लिहा. एकाच प्रजातीचे दोन स्ट्रेन वेगळे वागतात. घरच्या दह्यात कोणता आहे हे तर माहीतच नसतं. आणि ब्रेथ टेस्ट अँटिबायोटिक्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनीच ठेवा. त्याआधी दबलेला जंतूही गेल्यासारखा दिसतो.