पडद्यावरचा पिवळा खरा हवा

अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत प्रोजेक्टर असला, तर तो बहुतेकदा ट्रेनिंग रूमच्या छताला टांगलेला असतो. त्याच्याखाली बसलेला नवा कामगार तासाभरात जे पाहतो, ते मनाशी धरूनच पुढे प्लांटमध्ये वावरतो. कोणत्या पाइपात काय आहे, कोणत्या ड्रमला हात लावायचा नाही, सायरन वाजला की कोणत्या गेटाकडे निघायचं, हे सगळं तो इथे पहिल्यांदा बघतो. त्यामुळे या यंत्राच्या ‘पिक्चर’ मेनूतली सेटिंग्ज हा इथे हौसेचा विषय उरत नाही. ट्रेनिंग रूममधलं चित्र आधी खरं हवं, झगझगीतपणा नंतर.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना देणं कारखान्यावर बंधनकारक झालं आणि ती माहिती व प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. ही तरतूद कशासाठी आहे, हे या पट्ट्यात वेगळं सांगावं लागत नाही. शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले. माणसं गेली, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या.

आता ट्रेनिंगमध्ये पडद्यावर काय येतं ते पाहू. रसायनांच्या लेबलवरची जागतिक धोकाचिन्हं येतात: पांढऱ्यावर काळं चित्र आणि भोवती लाल चौकट. पाइपांचे रंग येतात. आयएस २३७९ या भारतीय मानकात पाण्याच्या पाइपाला समुद्री हिरवा, हवेला आकाशी आणि गॅसला कॅनरी पिवळा रंग ठरवून दिलेला आहे. बारवी धरणाचं पाणी ज्या पाइपातून प्लांटमध्ये फिरतं तो हिरवा आणि कॉम्प्रेस्ड एअरचा निळा, हा फरक शिकवण्याचाच भाग आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच निळसर दिसले, तर शिकवलेलं निम्मं वाया गेलं.

असं होण्याचं एक मोठं कारण ‘ब्राइट’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड. ते समजायला यंत्राच्या पोटात डोकवावं लागतं. डीएलपी प्रोजेक्टरमध्ये एका चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. हे तंत्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये घडवलं. आरसे फक्त प्रकाश लेन्सकडे पाठवतात किंवा बाजूला वळवतात. रंग येतो तो समोर गरगर फिरणाऱ्या रंगचक्रातून. ऑफिससाठीच्या बऱ्याच मॉडेलांत या चक्रात लाल, हिरव्या, निळ्या काचेबरोबर एक पारदर्शक पाकळीही असते. ब्राइट मोडमध्ये ती जोरात कामाला लागते आणि पांढरा लखलखतो. पण निव्वळ रंगांना तिचा काही उपयोग नाही. पांढऱ्याच्या शेजारी लाल विटकरी दिसतो आणि कॅनरी पिवळ्याची मोहरी होते. तीन पॅनेलच्या एलसीडी यंत्रात ही पाकळी नसते. तिथे डायनॅमिक मोडमध्ये दिव्याच्या प्रकाशातला जादा हिरवा तसाच सोडला जातो आणि सगळ्या चित्रावर हिरवट झाक येते. खोक्यावर छापलेले ल्युमेन बहुधा याच सर्वांत उजळ मोडमधले असतात. ‘स्टँडर्ड’, ‘सिनेमा’ किंवा ‘एसआरजीबी’ मोड लावला की प्रकाश उतरतो, पण रंग ठिकाणावर येतात.

मग उजेड कमी पडतो त्याचं काय? त्याचं उत्तर मेनूत नाही, भिंतीवरच्या स्विचबोर्डात आहे. ३,००० ल्युमेनच्या प्रोजेक्टरचं चित्र २.४ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच पडद्यावर टाकलं, तर ३.६ चौरस मीटरवर साधारण ८३० लक्स प्रकाश पडतो. पडद्याजवळची ट्यूबलाइट त्याच पडद्यावर २०० लक्स टाकत असेल, तर पांढरा १,०३० आणि काळा २०० लक्स, म्हणजे दोघांत जेमतेम पाचपट फरक. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. खोलीतला उजेड पडद्यावर जितका पडेल, तितकाच ‘काळा’ आपल्याला मिळतो. पुढची ट्यूब बंद करून तो उजेड २० लक्सवर आणला की हाच फरक चाळीसपटीच्या वर जातो. मागच्या ट्यूब चालू राहू द्याव्यात, म्हणजे वहीत लिहिता येतं आणि माणसं पेंगत नाहीत.

दुसरी सवय कीस्टोनची. यंत्र तिरकं बसवलं की चित्राचा पतंग होतो आणि रिमोटवरच्या कीस्टोन बटणाने तो चौकोनी करता येतो. पण ही दुरुस्ती फुकट नाही. १२८० बाय ८०० ठिपक्यांच्या पॅनेलवर चित्र आवळून बसवलं जातं, कडेचे ठिपके वाया जातात आणि एका ठिपक्याची रेघ दोन ठिपक्यांत फिकी होऊन विभागली जाते. फोटोत हे लक्षात येत नाही. प्लांटच्या पाइपिंग ड्रॉइंगमध्ये व्हॉल्व्हचं बारीक चिन्ह आणि त्याचा नंबर मात्र पुसट होतो. ब्रॅकेट हलवून यंत्र पडद्यासमोर सरळ आणावं, कीस्टोन शून्यावर ठेवावा आणि लॅपटॉपचं रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या पॅनेलइतकंच निवडावं. शार्पनेस वाढवून हरवलेली रेघ परत येत नाही, तिच्या कडेला पांढरी किनार तेवढी उमटते.

एवढं झाल्यावर मेनू उघडावा. ‘ब्राइटनेस’ नावावरून वाटतं तसा दिव्याचा जोर वाढवत नाही, तो काळ्याची पातळी ठरवतो. गडद करड्या छटांच्या पट्ट्या पडद्यावर लावून, काळ्याला लागून असलेली पट्टी जेमतेम वेगळी दिसेल इथपर्यंत तो आणावा. ‘कॉन्ट्रास्ट’ पांढऱ्याची पातळी ठरवतो. पांढऱ्याजवळच्या फिकट पट्ट्या एकमेकींत मिसळू लागल्या की एक पाऊल मागे यावं. सगळंच धुवट किंवा काळंकुट्ट दिसत असेल, तर एचडीएमआयची ‘रेंज’ पाहावी. लॅपटॉप ० ते २५५ पाठवतोय आणि प्रोजेक्टर १६ ते २३५ समजतोय, असा किंवा याच्या उलट गोंधळ नेहमी होतो. रंग-तापमान ६,५०० केल्विनच्या आसपास ठेवावं. ९,३०० ला पांढरा ‘स्वच्छ’ भासतो, पण समुद्री हिरवा आकाशीकडे सरकतो. शेवटची परीक्षा पेंट स्टोअरमध्ये आहे. पाइपांना लावतात त्याच रंगांच्या पट्ट्या पत्र्याच्या तुकड्यावर रंगवून घ्याव्यात, उजेडात बघाव्यात आणि मग पडद्याशी ताडून पाहाव्यात. तंतोतंत जुळणार नाहीत, पण हिरवा हिरवा आणि पिवळा पिवळा वाटलाच पाहिजे.

हे एकदा लावून संपत नाही. साधा मर्क्युरी दिवा त्याचं ठरलेलं आयुष्य संपेपर्यंत उजेडाने निम्म्यावर येतो. हे इतक्या हळू होतं की रोज बघणाऱ्याला कळत नाही आणि मग कुणीतरी ब्राइट मोड लावून ठेवतो. एमआयडीसीतल्या धुळीने फिल्टर चोंदला की यंत्र तापतं. एलसीडीत त्या उष्णतेने बहुधा निळ्या पॅनेलचा पोलरायझर आधी खराब होतो आणि चित्रावर पिवळे डाग पडतात. ते मेनूतून जात नाहीत. डीएलपीत पांढरे ठिपके चमकू लागले, तर काही आरसे एका जागी अडकले असं समजावं. लेझरच्या यंत्रांना दिव्याची कटकट नाही, बऱ्याच मॉडेलांचं आयुष्य २०,००० तासांचं सांगितलं जातं. फिल्टर असलेल्या मॉडेलात तो मात्र तिथेही साफ करावाच लागतो.

प्लांटमधल्या प्रेशर गेजवर कॅलिब्रेशनचा स्टिकर असतो, तारीख उलटली की ऑडिटर बोट ठेवतो. गेजचा काटा चुकला तर ऑपरेटर फसतो, म्हणून ही शिस्त. पडद्यावरचा रंग चुकला तर त्या बॅचमधले सगळे एकदम फसतात. म्हणून मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये ट्रेनिंग रूमच्या प्रोजेक्टरलाही एक पान द्यावं: दिव्याचे तास, फिल्टर कधी धुतला, कोणता मोड, रंगपट्टी कधी ताडली. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी कंपनीत शपथ घेतली जाते. त्याआधीच्या आठवड्यात हे पान भरायला अर्धा तास पुरतो, आणि सुरक्षेवर इतका स्वस्त खर्च दुसरा क्वचितच सापडेल.