भागाचा पैसा आणि बदलाचा हिशेब



मागील महिन्यात ऊस नोंदणीच्या कामानिमित्त रिसोड तालुक्यातील एका गावी आम्ही गेलो होतो. चहा होता होता एका सभासदाने बंडीच्या खिशातून चार पानी कागदाची घडी काढली आणि आमच्या हाती दिली. मजकूर असा : एक कंपनी शेतात ठिबक संच बसवून देणार, पैसे तीच घालणार आणि सभासदाने ते पाच हंगामांत उसाच्या बिलातून फेडायचे. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरात छापले होते, 'इम्पॅक्ट फंडाच्या सहकार्याने'.

सभासद म्हणाले, "भाऊ, हे इम्पॅक्ट म्हंजे काय हाय? सबसिडीवानी का कर्जावानी?" त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलेले काका न विचारताच बोलले, "फुकट कोनी देत नाही बाप्पा. देते तं मांगते काय, थे पाह्य."

दोन्ही प्रश्न रास्त होते आणि आम्हाला त्या दिवशी दोहोंचेही नीट उत्तर देता आले नाही. म्हणून कागदाची एक प्रत मागून घेतली, माहिती गोळा केली, आणि ती येथे देत आहोत.

देणगीचा पैसा आपल्याला ठाऊक आहे. तो परत मागायचा नसतो. सावकाराचा आणि बँकेचाही ठाऊक आहे. तो व्याजासह परत जातो, तुमचे भले झाले की नाही हे तो विचारत नाही. या दोहोंच्या मधला एक पैसा अलीकडे जगात फिरू लागला आहे. तो म्हणतो, माझे मुद्दल परत द्या, थोडा नफाही द्या, पण त्याबरोबर लोकांचे काय भले झाले तेही मोजून दाखवा. इटलीतील बेलाजिओ येथे 2007 साली रॉकफेलर फाउंडेशनने बोलावलेल्या बैठकीत याला 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग' हे नाव मिळाले. आपण परिणामलक्षी गुंतवणूक म्हणू. या कामातील जागतिक संस्थेने 2024 साली केलेल्या अंदाजाप्रमाणे असा सुमारे 1.57 लाख कोटी डॉलर पैसा जगभर गुंतलेला होता. आपल्याकडे मुंबईच्या विनीत राय यांनी 'आविष्कार' ही संस्था या शतकाच्या सुरुवातीलाच काढली आणि गावाकडच्या लहान धंद्यांत भागभांडवल घालण्यास सुरुवात केली. नाव रूढ होण्यापूर्वीच काम चालू होते.

खरे म्हणजे त्याहूनही कितीतरी आधी चालू होते. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, पहिले अध्यक्ष झाले, आणि 1950 साली प्रवरेचे गाळप सुरू झाले. ज्या माणसाने तेव्हा दागिना मोडून भाग घेतला, त्याने लाभांशाच्या आशेने घेतला असे आम्हाला वाटत नाही. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने तर लाभांशावर 15 टक्क्यांची मर्यादाच घातली, आणि दहा भाग असोत की एक, सभेत मत एकच. अशा भागात कोणी व्यापारी पैसा घालील काय? शेतकऱ्याने घातला, कारण त्याला गुळाच्या अडत्यापासून सुटका हवी होती. उसाला वजनाप्रमाणे भाव हवा होता, मुलांना शाळा हवी होती. मुद्दल राहावे आणि गावाचे भले व्हावे, एवढाच त्याचा हिशेब. याला परिणामलक्षी गुंतवणूक नाही तर काय म्हणायचे?

एक गंमत सांगण्यासारखी आहे. 2019 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात 'सोशल स्टॉक एक्स्चेंज' म्हणजे समाजकार्य करणाऱ्या संस्थांसाठी वेगळ्या शेअर बाजाराची घोषणा झाली. सेबीने 2022 साली त्याचे नियम केले. डिसेंबर 2023 मध्ये बेंगळुरूच्या उन्नती फाउंडेशनचा पहिला रोखा तेथे नोंदला गेला आणि त्यातून 1 कोटी 80 लाख रुपये उभे राहिले. या रोख्याचे नाव 'झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल'. म्हणजे व्याज शून्य आणि मुद्दलही शून्य! पैसे द्यायचे, परत काही मागायचे नाही. फक्त संस्थेने कबूल केलेले काम झाले की नाही याचा तपासलेला अहवाल दरवर्षी मिळणार. सुरुवातीला यात किमान 2 लाख रुपये घालावे लागत, 2023 च्या अखेरीस ते 10 हजारांवर आले आणि मार्च 2025 मध्ये सेबीने ही मर्यादा 1 हजारावर आणली. म्हणजे आपल्यासारख्यांनाही तेथे जाता येईल.

शहरातल्या लोकांना या रोख्याचे फार नवल वाटले. आपल्याला वाटू नये. उसाच्या बिलातून टनामागे कापली जाणारी विनापरतीची ठेव साखर कारखान्यांत कित्येक वर्षांपासून आहे. व्याजाचे काय ते ज्या त्या कारखान्याच्या पोटनियमावर, पण मुद्दल कापले ते कापले. महाराष्ट्रात शाळा, महाविद्यालये, दवाखाने, उपसा सिंचन योजना अशा कपातीतून उभ्या राहिल्या हे सर्वांना माहीत आहे.

पण येथे आमचा आम्हालाच कान धरावासा वाटतो. त्या रोख्याला तपासलेला अहवाल आहे. आपल्या कपातीला? अहवालाच्या पुस्तिकेत ताळेबंदात एक आकडा असतो, आणि सर्वसाधारण सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणताना तो कोणी वाचत नाही. आम्हीही वाचला नाही. त्या पैशातून किती मुले शिकली, त्यातली सभासदांची किती, ऊसतोड कामगारांची किती, हे कोणी मोजलेले नाही. इमारतीचा फोटो छापला की काम झाले असे आपण धरून चालतो. विदर्भातील कितीतरी सहकारी कारखाने बंद पडले, काही विकले गेले, आणि जुन्या सभासदांच्या हातात भागाचा दाखला तेवढा उरला. त्या दाखल्याचे पुढे काय, हे विचारणारे सभासद वेळीच उभे राहिले असते तर काय झाले असते, हा विचार अधूनमधून मनात येतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. भले करायला आलेला पैसा दरवेळी भलेच करतो असे नाही. आंध्र प्रदेशात बचत गटांच्या बायांना लहान कर्जे देणाऱ्या कंपन्यांत असाच परिणामलक्षी पैसा आला होता. त्यातील एका मोठ्या कंपनीने ऑगस्ट 2010 मध्ये शेअर बाजारात शेअर विकले, त्यावर उड्या पडल्या, सुरुवातीच्या गुंतवणूकदारांना भरघोस मिळाले. खाली मात्र एकेका घरी चार-चार कंपन्यांची कर्जे झाली होती, वसुलीचा जाच आणि आत्महत्या यांच्या बातम्या येत होत्या. ऑक्टोबर 2010 मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला आणि सारी वसुली ठप्प झाली. नंतर रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली. 2016 च्या नोटबंदीनंतर विदर्भातही अशा हप्त्यांवरून मोर्चे निघाले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. आज रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम असा, की वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सर्व कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. घरातील भगिनींना हे अवश्य वाचून दाखवावे.

तेथे चुकले काय? कर्जदार किती वाढले ते मोजले, त्यांच्या घरात काय शिल्लक उरले ते मोजले नाही. शिवाय अशा फंडाला सात-दहा वर्षांत आपला हिस्सा विकून बाहेर पडावे लागते, कारण त्याच्या मागच्या लोकांचे पैसे त्याला फेडायचे असतात. तो आज चांगला असेल. उद्या त्याचा हिस्सा कोण घेईल हे तुमच्या हाती नाही. सभासदाला तशी मुदत नसते. त्याची जमीन येथे, त्याचा नातूही येथेच.

असा पैसा वाशीमकडेच का वळतो, असेही काहींनी विचारले. 2018 साली नीती आयोगाने देशातील 112 आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातील चार होते : वाशीम, नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद. आरोग्य, शिक्षण, शेती अशा 49 कसोट्यांवर त्यांची मोजणी सुरू झाली. मागासपणाची यादी म्हणून आपल्याला ती टोचली खरी, पण पैसा देणाऱ्यांना मोजलेला जिल्हा सोयीचा वाटतो. फरक पडला तर दाखवता येतो. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलर कर्जावर पोकरा प्रकल्प मंजूर झाला. त्याच्या 15 जिल्ह्यांतही वाशीम आहे.

आता त्या चार पानांकडे येऊ. आम्ही ती शेतकी विभागातील मंडळींबरोबर बसून दोनदा वाचली. कंपनी लबाड आहे असे आमचे म्हणणे नाही. पैनगंगेच्या काठी बॅरेजमुळे पाणी आले, ऊस वाढला, आणि काळ्या जमिनीत पाटाने पाणी सोडून सोडून काही शेते चिबडू लागली आहेत. ठिबक हवेच. आणि ते बसवायला आधी रोख पैसा लागतो, ही अडचण खरी आहे. राज्य शासनाने 2021 मध्ये ठिबकचे अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 टक्के आणि इतरांना 75 टक्क्यांपर्यंत वाढवण्याचे ठरवले, पण संच आधी बसवायचा आणि अनुदान मागून यायचे. मधले दिवस कोण निभावणार? तेथेच या पैशाला जागा आहे.

पण दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात आहे, की अनुदान आल्यास ते कंपनीकडे वर्ग होईल. हप्ता त्यामुळे कमी होईल काय, याचा उल्लेख नाही. त्याखाली, पाऊस न पडल्याने किंवा ऊस जळाल्याने टनेज घटले तरी हप्ता तोच. आणि तिसऱ्या पानावर एक ओळ, जी सभासदाने वाचलीच नव्हती : संचामुळे होणाऱ्या पाणी व वायू उत्सर्जनाच्या बचतीचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील. म्हणजे तुमच्या शेतात पाचट न जाळल्याने आणि खत कमी टाकल्याने जर कार्बन क्रेडिट निघाले, तर ते विकण्याचा अधिकार त्यांचा. केंद्राने 2023 साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे. त्यातून आपल्या शेताला किती मिळेल हे आज कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण मिळेल तेव्हा ते कोणाचे, हे आजच्या सहीने ठरते.

आणि एक. चार पानांत संच बसवल्यावर माणूस किती वेळा येऊन पाहील, लॅटरल चोंदल्या तर काय, हे कोठेही नाही. भल्याची मोजणी मात्र आहे : 'बसवलेले संच' आणि 'लाभार्थी शेतकरी'. एकरी उतारा, पाण्याची पाळी, विजेचे तास, हाती उरलेली रक्कम यांपैकी काही नाही. आंध्रात झाली ती चूक हीच.

याच जागी 2017 ची योजना आठवते. तेव्हा उसाच्या ठिबकसाठी 7.25 टक्के व्याजाच्या कर्जात शेतकऱ्याने 2 टक्के, शासनाने 4 आणि कारखान्याने 1.25 टक्के उचलायचे, असे ठरले होते. भार कोणाकोणावर किती, हे कागदावर स्पष्ट होते.

बिलातून हप्ता कापायचा तर कारखान्याची संमती लागते. त्यामुळे हा प्रश्न एकट्या सभासदाचा राहत नाही, संचालक मंडळासमोर येतोच. अनुदान आल्यावर हप्ता कमी व्हावा, दुष्काळाच्या वर्षी हप्ता पुढे जावा, कार्बनच्या हक्कात सभासदाचा वाटा लिहून मिळावा, आणि दर हंगामाअखेर किमान गटातील वीस शेतांचे टनेज व पाणी मोजून या पत्रिकेत छापावे, एवढे झाल्याशिवाय संमती देऊ नये असे आमचे मत आहे. मंडळ ते मान्य करील किंवा न करील; मत आमचे आहे. त्याच बैठकीत विनापरतीच्या ठेवीच्या विनियोगाचाही गटवार तपशील मागावा, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे.

ओट्यावरच्या काकांना आम्ही हे सारे परवा जाऊन सांगितले. ते म्हणाले, "मंग सही कराची का नाही, थे सांगा." आम्ही म्हणालो, आता नाही. तेव्हा त्यांनी पुतण्याच्या हातून कागद घेतला आणि घडी घालून कोनाड्यात ठेवला.

ज्या सभासदांकडे असे करारनामे आले असतील त्यांनी सही करण्यापूर्वी एक प्रत आपल्या गट कार्यालयात आणून दाखवावी. सोबत सात-बारा आणि महाडीबीटीवर केलेल्या अर्जाची पावती आणावी. दर मंगळवारी दुपारी शेतकी विभागाचा माणूस ओळन् ओळ वाचून सांगण्यासाठी तेथे बसेल.